चमकणारा समुद्र निरोगी म्हणायचा का?

प्रश्न : बाई, फेब्रुवारीत द्वारकेला गेलो होतो. रात्री ओख्याला लाट फुटली की पाण्यात निळा उजेड दिसायचा. नातू म्हणाला, हे प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव. तो असंही म्हणतो, की प्लवक दिवसाभरात दुप्पट होतात. मग त्यांच्या संवर्धनाची एवढी काळजी कशाला? त्यांना काय धाड भरणार आहे? – एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : नातवाला माझी शाबासकी सांगा. तो उजेड बहुधा नॉक्टिल्युकाचा असावा. हा एकपेशीय जीव मोहरीच्या दाण्याहून लहान असतो, पण नुसत्या डोळ्यांना दिसतो. अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकारात पेशीच्या आत बारीक शैवाल राहतं. म्हणजे तो शिकार करून खातो आणि घरच्या शैवालाचंही खातो.

दुप्पट होण्याची गोष्ट शैवालासारख्या बऱ्याच प्लवकांबाबत खरी आहे. पण तिथेच आपली फसगत होते. पाणी बिघडलं तरी आठ-पंधरा दिवसांत ते पुन्हा जीवांनी भरतं, आणि आपल्याला वाटतं, समुद्र सावरला. मी मात्र आधी विचारीन, परत आलं कोण? बडोद्याच्या विश्वामित्रीवर जलपर्णी पसरली की नदी हिरवीगार दिसते. तिला सावरलेली नदी कोणी म्हणेल का?

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचं राज्य असे. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारं शैवाल. त्याला कोपेपॉड नावाचे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव खातात, कोपेपॉडना लहान मासे खातात, आणि तिथून साखळी आपल्या ताटातल्या बांगड्यापर्यंत येते. २००० नंतरच्या वर्षांत तिथे हिवाळ्यात नॉक्टिल्युकाचे मोठे हिरवे थर दिसू लागले. तो कोपेपॉडच्या तोंडात मावत नाही. त्याला खातात ते मुख्यतः सॅल्प (पारदर्शक, पिंपासारखे तरंगणारे जीव) आणि जेलीफिश, आणि त्यांच्यावर फार कमी मासे पोसतात. असं का झालं यावर अभ्यासकांत वाद आहे. २०१४ च्या एका शोधनिबंधाने प्राणवायू कमी झालेल्या पाण्याकडे बोट दाखवलं, तर इतर काहींनी पाण्यातल्या पोषक क्षारांकडे आणि थराथरांच्या घुसळणीकडे. मला यातलं एकच कारण पुरेसं वाटत नाही.

बदल झाला हे कळायलाही आधीची नोंद लागते. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांचं रेशमी पट्टीचं यंत्र मालवाहू जहाजांच्या मागे बांधून १९३१ पासून युरोपातल्या उत्तर समुद्रात प्लवक गोळा केले जातात. म्हणूनच तिथे कोण गेलं आणि कोण आलं, हे वर्षावर्षाने सांगता येतं. आपल्याकडे पुण्याई अशी, की ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा मुलूख, संस्थानकाळात बडोदे संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या सरकारने सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली, आणि अहवालाचे दोन भाग १९०९ व १९१६ मध्ये निघाले. मोती, शंख, शिंपले यांचा विचार करणारं संस्थान होतं ते! हे वाचलं की मला अजून भरून येतं.

मी विद्यार्थिनी असताना ओख्याला बारीक जाळ्याने पाणी गाळून फॉर्मलिनच्या बाटल्या भरल्या होत्या. बोटांचा वास आठवडाभर गेला नाही. भिंगाखाली डायटमची ती कोरीव डबी पहिल्यांदा दिसली, त्या दिवशी मी जेवायला उठले नाही.

आता संवर्धनाचं. प्लवकांना कुंपण घालता येत नाही. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, पण प्लवक प्रवाहाबरोबर त्याच्या हद्दीत येतात आणि जातातही. त्यांना वाचवायचं म्हणजे पाणी वाचवायचं. आपली विश्वामित्री ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते, तेव्हा बडोद्याच्या नाल्यातलं सांडपाणीही या हिशेबात येतं. समुद्र इथून दिसत नाही, एवढंच.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओख्याचं पाणी हिरवं होतं का? भरती होती की ओहोटी? नातवाला आठवत असेल तर तारखेसह कळवा.