ऊस शेतात आहे, मग साखर डिमॅटमध्ये कशाला?

या वेळच्या पत्रांत निम्म्यांचा प्रश्न एकच आहे: कोणता शेअर घेऊ? नाव सांगून मोकळं होणं सोपं असतं. पण तो शेअर विकायचा कधी, हे सांगायला मी नंतर तुमच्या घरी येणार नसतो. म्हणून इथं नावांची शिफारस मिळणार नाही. ज्यांतून इतरांनाही काही हाती लागेल असे प्रश्न तेवढे निवडलेत.

माझा सहा एकर ऊस आहे. वीस वर्षं कारखान्यांना ऊस घालतोय, साखरेच्या धंद्यातलं बरंच कळतं. दोन लाख रुपये बाजूला आहेत. साखर कंपन्यांचे शेअर घेऊ काय?
— ऊस उत्पादक, चिकोडी तालुका

धंदा कळतो ही जमेची बाजू. पण आधी तुमचा आजचा हिशेब मांडू. जमिनीत ऊस, वर्षाची कमाई म्हणजे ऊसबिल, आणि सोसायटीचं पीककर्ज फिटणार तेही त्याच बिलातून. शिल्लक दोन लाखसुद्धा साखरेतच घातले तर सगळं घर एका धंद्यावर उभं राहतं.

यावर एक हुशार उत्तर असतं, आणि ते मी अथणीपासून संकेश्वरपर्यंत ऐकलंय. ऊसदर वाढला तर शेतकऱ्याचा फायदा, पडला तर कारखान्याचा. म्हणजे शेअर घेतला की दोन्ही बाजू सांभाळल्या! बऱ्या वर्षात हे थोडंफार जमतंही. वाईट वर्षात काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कायद्यानं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. तरीही कारखाना अडचणीत आला की बिल थकतं, आणि शेअर पडतो तोही त्याच सुमारास. नेमकी गरज असते तेव्हा दोन्ही खिसे रिकामे.

दुसरं म्हणजे या धंद्याच्या जवळजवळ प्रत्येक दोरीचं टोक सरकारच्या हातात आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली. साखरेचा किमान विक्रीदर मात्र २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये किलो झाला आणि नंतर वर्षानुवर्षं तिथंच अडकून राहिला. निर्यात कधी खुली, कधी बंद. ज्या इथेनॉलच्या भरवशावर कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, त्यासाठी उसाचा रस वापरायला २०२३ च्या डिसेंबरात ऐन हंगामात अचानक मनाई झाली. आठवड्याभरात ती सैल केली, पण साखरेच्या शेअरांना बसायचा तो दणका बसला होता. तुम्ही वीस वर्षांत जे शिकलात त्यात दिल्लीचा आदेश कधी निघणार हे येत नाही. ते कुणालाच येत नाही.

बेळगावातच नोंदणीकृत कार्यालय असलेल्या श्री रेणुका शुगर्सचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. २०१० च्या सुमारास कंपनीनं ब्राझीलमधले कारखाने घेतले, तेव्हा आपल्या भागातल्या अनेकांना अभिमान वाटला आणि शेअरही शंभराच्या वर गेला. पुढं जागतिक बाजारात साखर घसरली, कर्ज डोईजड झालं, ब्राझीलच्या उपकंपन्यांना २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाचा आसरा घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये सिंगापूरच्या विल्मरकडे कंपनीचा ताबा गेला. दरम्यान शेअर एक आकडी भावापर्यंत येऊन गेला. मुनवळ्ळीच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्याला गेटवरची रांग दिसत होती. ब्राझीलचं कर्ज दिसायचं असेल तर वार्षिक अहवालच उघडावा लागतो.

हौसच असेल तर दोन लाखांतले वीस हजार साखरेत घाला, त्याहून जास्त नको. उरलेल्यांतून पुढच्या लागणीचा खर्च बाजूला काढा आणि मग राहतील ते निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणाऱ्या फंडात, टप्प्याटप्प्यानं टाका. निफ्टीत एकही साखर कंपनी नाही. दुसऱ्या कुणाला ती उणीव वाटेल, तुमच्यासाठी सोय आहे.

दिवाळीच्या तोंडावर सगळे चांदी घेत होते म्हणून मीपण सिल्व्हर ईटीएफ घेतलो. मार्केट ऑर्डर टाकलो. नंतर चांदी जेवढी पडली त्याच्यापेक्षा माझा ईटीएफ जास्त पडला. ब्रोकरनं फसवलं काय?
— वय २६, वडगाव

ब्रोकरचा इथं काही दोष नाही. तुम्ही चांदीच्या भावाच्या वर जादा पैसे मोजलेत, आणि पडलं ते जादाचं.

ईटीएफला दोन किमती असतात. एक, त्याच्याकडच्या चांदीची खरी किंमत. ती दिवसभर आय-एनएव्ही म्हणून फंडाच्या संकेतस्थळावर दिसते. दुसरी, बाजारात त्या क्षणी विकणारा मागतोय ती. एरवी या दोन्हींत फारसा फरक राहत नाही, कारण मार्केट मेकर म्हणून नेमलेल्या संस्था फरक दिसला की फंडाला चांदी देऊन नवी युनिट घेतात आणि बाजारात विकतात. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदीचाच तुटवडा पडला. नवी युनिट मागणीच्या वेगानं तयार होईनात, घेणारे मात्र तुटून पडलेले. काही सिल्व्हर ईटीएफ खऱ्या किमतीच्या पाच-दहा टक्के वर जाऊन बसले. फंड कंपन्यांनाच हे खटकलं. त्यांतल्या काहींनी आपल्या सिल्व्हर फंड ऑफ फंडमध्ये (ईटीएफमध्येच पैसे घालणारा फंड) एकरकमी पैसे घेणं थांबवलं होतं. ती बातमी वाचून थांबणारे थोडे, आणि ‘आता मिळणारच नाही’ म्हणून धावणारे जास्त.

तुमची ऑर्डर त्या गर्दीत गेली. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘जो भाव असेल तो’. समजा आय-एनएव्ही १५२ रुपये आहे. पडद्यावर १६१ ला शंभर युनिट विकायला आहेत, १६३ ला तीनशे. तुम्हाला हवीत चारशे. चारशेही मिळतील, सरासरी १६२.५० रुपयांना पडतील, आणि ॲप हिरव्या अक्षरांत ‘ऑर्डर पूर्ण’ म्हणेल. तुम्ही त्याच क्षणी सात टक्के मागं पडलेले असता. त्याऐवजी लिमिट ऑर्डरमध्ये, म्हणजे ‘या भावापेक्षा वर नको’ असं सांगून, १५२.५० लिहिलं असतं तर त्या दिवशी कदाचित काहीच मिळालं नसतं, आणि तेच बरं झालं असतं.

परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफमध्ये हा रोग जुनाच आहे. परदेशात गुंतवायच्या रकमेवर मर्यादा असल्यानं नवी युनिट निघत नाहीत आणि अमेरिकेतल्या नॅसडॅक निर्देशांकाचे ईटीएफसुद्धा आपल्याकडे बरेच दिवस चढ्या भावानं विकले गेलेत. कुठलाही ईटीएफ घेताना आय-एनएव्ही बघायचा, लिमिट टाकायची, आणि बाजार उघडल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून द्यायची.

आता हातात आहे त्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मनात असणार. वर मोजलेलं ते जादाचं अधिमूल्य धरून बसल्यानं परत येत नाही. आज पैसे रोख असते तर चांदी घेतली असती काय, तेवढं स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर विका.

एका कंपनीचा निफ्टी ईटीएफ २८० रुपयांच्या आसपास, दुसरीचा २८. स्वस्तातला घेतलेला बरा ना?
— विद्यार्थी, निपाणी

अर्धा किलो कुंदा एका डब्यात घेतला काय आणि पाव-पाव किलोच्या दोन डब्यांत घेतला काय, गोड तेवढंच. आतले पन्नास शेअर तेच. बघायचं ते खर्चाचं प्रमाण, निर्देशांकापेक्षा परतावा किती मागं राहिला तो फरक, आणि रोजची उलाढाल. उलाढाल कमी असेल तर घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या भावात मोठी फट राहते, आणि वर्षभराच्या खर्चात वाचवलेले पैसे त्या एका फटीत जातात.

वय ६४, पेन्शन चालू आहे. एका क्रेडिट सोसायटीतली आठ लाखांची ठेव पुढच्या महिन्यात सुटते. भाचा म्हणतो, सगळे निफ्टी ईटीएफमध्ये घाला. माझं डिमॅट खातं नाही.
— निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी

बाई, भाच्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. ठेव सुटल्यावर सगळी पुन्हा त्याच सोसायटीत ठेवू नका, हा तो अर्धा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. क्रेडिट सोसायटीला ते नाही. आपल्या गल्लीबोळांत सोसायट्यांच्या पाट्या इतक्या आहेत की हा फरक कुणी विचारतच नाही. अर्धा-एक टक्का जादा व्याजावर संचालक ओळखीचे आहेत एवढ्या विश्वासानं आयुष्याची पुंजी ठेवली जाते.

‘सगळे’ हा शब्द मात्र चुकला. २०२० मध्ये निफ्टी जानेवारीतल्या शिखरापासून मार्चमधल्या तळापर्यंत सुमारे ३८ टक्के पडला होता. आठाचे पाच लाख झालेले बघून शांत झोप लागेल? सहा लाख दोन चांगल्या बँकांत विभागून ठेवा. ज्यांना सात-आठ वर्षं हात लावावा लागणार नाही असे दोन लाख तेवढे शेअर बाजाराच्या वाट्याला, तेही वर्षभरात हप्त्यांनी.

आणि तुमच्यासाठी ईटीएफ नको, निफ्टीचाच इंडेक्स फंड घ्या. पन्नास कंपन्या त्याच, पण डिमॅट लागत नाही, वर सांगितलेली लिमिट-बिमिटची भानगड नाही, आणि विकताना त्या दिवसाच्या एनएव्हीनं, म्हणजे युनिटच्या खऱ्या किमतीनं, पैसे थेट बँकेत येतात. खर्च ईटीएफपेक्षा किंचित जास्त असतो, तो खुशाल द्या. वर्षभरानंतर विकलं तर अशा एका वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. अर्जावर नॉमिनीचं नाव घाला, आणि आधार-पॅनवर जे स्पेलिंग आहे तेच घाला. आपल्याकडे ज्ञानेश्वर शाळेच्या दाखल्यावर डी-एन-वाय आणि आधारवर जे-एन असतो. वारसांना त्यापायी नोटरीकडे खेटे घालावे लागतात.

टेलिग्राम ग्रुपवरून एक ॲप घेतलं. त्यात चार लाख नफा दिसतोय. काढायला गेलं तर आधी २० टक्के कर भरा म्हणतात.
— खानापूर

एक रुपयाही आणखी भरू नका. भांडवली नफ्यावरचा कर ॲपवाल्याच्या खात्यात आगाऊ भरायचा नसतो, तो आयकर विवरणपत्रासोबत सरकारकडे जातो. तो नफा फक्त त्यांच्या पडद्यावर आहे. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, जितका उशीर तितकं पैसे गोठवणं अवघड. पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या ‘सेबी चेक’वर खातं तपासून घ्या.

उद्यमबागमध्ये फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आमचं कास्टिंग एका लिस्टेड ट्रॅक्टर कंपनीला जातं. पुढच्या तिमाहीचं शेड्यूल दीडपट आलंय. त्यांचा शेअर घेतला तर?

दोन अडचणी आहेत, आणि दुसरी कायद्याची.

शेड्यूल वाढलं म्हणजे ट्रॅक्टर जास्त खपणार असं नाही. कोल्हापूरच्या एखाद्या पुरवठादाराचा माल रिजेक्ट होऊन ते काम तुमच्याकडे आलं असेल. एका पार्टवरून अख्ख्या कंपनीचा अंदाज बांधता येत नाही. आणि समजा बातमी खरोखरच मोठी आहे, भाव हलवणारी आहे, अजून जाहीर झालेली नाही, तर तिच्यावर सौदा करणं सेबीच्या २०१५ च्या नियमांत बसत नाही. हे नियम फक्त कंपनीच्या संचालकांपुरते आहेत असा समज आहे. पुरवठादाराच्या माणसालाही ते लागू होऊ शकतात. तेव्हा तो शेअर सोडा. ट्रॅक्टर कंपन्या दर महिन्याच्या सुरुवातीला विक्रीचे आकडे स्वतःच जाहीर करतात, ते सगळ्यांना एकदम मिळतात.

तुमचं ज्ञान वापरायची चांगली जागा वेगळी आहे. पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) महागलं की कोणता ग्राहक दरवाढ मुकाट देतो आणि कोण सहा महिने घोळवतो, हे तुम्ही रोज बघता. लिस्टेड फाउंड्री आणि सुट्या भागांच्या कंपन्यांचे पाच वर्षांचे अहवाल घ्या. पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज करा. शेजारी कामकाजातून आलेल्या रोख रकमेची बेरीज लिहा, अहवालात तो तक्ता स्वतंत्र असतो. नफा १०० कोटी आणि रोख ३५ कोटी असं निघालं तर बाकीचे पैसे कुठं अडकलेत ते येणी आणि साठा या दोन ओळींत सापडेल. विस्तार करणाऱ्या कंपनीत एखाद-दोन वर्षं असं होतं. पाचही वर्षं तेच असेल तर माल जातोय, पैसे येत नाहीत. अशा ग्राहकाला तुमच्या मालकांनी उधारी चालू ठेवली असती काय, ते तुम्हीच सांगा.