वाचक विचारतात : मग्यारांच्या कवटीवरचे खळगे

प्रश्न : 10व्या शतकातल्या हंगेरीतल्या काही कवट्यांवर आरपार भोक नसून नुसता खळगा असतो. ही कवटीला भोक पाडण्याची, पण अर्धवट सोडलेली ऑपरेशनं का?

नाही. अर्धवट काम एखाद्या कवटीवर दिसलं असतं. इथे तीच खोली पुन्हा पुन्हा, स्त्रिया आणि पुरुष दोघांतही आढळते. कवटीचं हाड तीन थरांचं : बाहेर टणक, मध्ये जाळीदार, आत पुन्हा टणक. मिळून जाडी साधारण 5 ते 8 मिमी. मग्यार (म्हणजे हंगेरियन) वैदू बाहेरचा थर खरवडून जाळीशी थांबे. कुठे थांबायचं ते हाडच सांगतं : वरचा थर कोरडा, पांढरा भुगा देतो, जाळी लागली की रक्त झिरपून भुगा लाल होतो. आतला थर शाबूत राहिला की मेंदूच्या आवरणाला इजा नाही. म्हणूनच यातले पुष्कळजण जगले. खळगे गोल किंवा लंबगोल, बरेचदा टाळूपाशी, हाडांच्या सांध्यांलगत.

कशासाठी? आत्म्याला वाट, शामानी (आत्म्यांशी बोलणाऱ्या मांत्रिकाची) दीक्षा, डोकेदुखीवर उतारा, असे तर्क आहेत. हंगेरीच्या इश्तवान राजाने (राज्याभिषेक 1000-01) ख्रिस्ती धर्म रुजवला आणि 11व्या शतकात ही चाल ओसरली. त्यामुळे जुन्या श्रद्धेशी नातं असावं, हे मला पटतं. पण तेवढ्यावरून प्रत्येक खळगा धार्मिक ठरवणं घाईचं. जुनी जखम किंवा गाठही हाडावर असाच खड्डा पाडते.

प्रश्न : माणूस नंतर जगला, हे कसं ओळखतात?

कडेवरून. कड धारदार, खरवडल्याचे ओरखडे ताजे आणि जाळी उघडी असेल, तर मृत्यू लगेच आला किंवा काम मेल्यावर झालं. कड गुळगुळीत होऊन जाळी बुजली असेल, तर माणूस पुढे बरेच महिने तरी जगला. मोठं भोक मात्र पुरतं भरून येत नाही. मध्य इटलीत कास्तेल त्रोसिनो इथे लॉन्गोबार्ड (इटलीत राज्य केलेले जर्मानिक लोक) काळातल्या एका प्रौढ बाईच्या कवटीवर दोन वेगवेगळ्या वेळच्या शस्त्रक्रियांच्या खुणा आहेत. (डोक्याच्या मागच्या बाजूला मध्यरेषेच्या दोहों अंगांना जोडीने भोकं दिसली, तर ती बहुधा जन्मजात असतात. हौशी मंडळी इथे हमखास फसतात.)

प्रश्न : आरपार भोक पाडायची लेखी पद्धत आहे?

7व्या शतकातला ग्रीक वैद्य पॉल ऑफ इजिना कवटीच्या फ्रॅक्चरवर ती देतो. गिरमिटाला अडणी हवी, म्हणजे ते घसरून आवरणात शिरणार नाही. शस्त्रक्रियेची मुदत हिवाळ्यात 14 दिवसांच्या आत, उन्हाळ्यात 7. आणि आवाजाने रोगी बिथरू नये म्हणून त्याच्या कानात लोकरीचे बोळे.