भाड्याच्या घरातली दुरुस्ती: खिशात हात कोणी घालायचा?

प्रश्न : डोंबिवलीत लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. आमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी गळतं म्हणून सोसायटीने मालकांना नोटीस दिली. मालक म्हणतात, "वापरता तुम्ही, खर्चही तुम्हीच करा." हे बरोबर आहे का?

उत्तर : गळती कशामुळे होते हे कळेपर्यंत कोणीच खर्च कबूल करू नये. आधी खालच्या घरी जाऊन पाणी कधी ठिबकतं ते पाहा. तुम्ही बाहेर असतानाही दिवसभर ठिबकत असेल, तर बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून चार-पाच तास थांबा. ठिबकणं थांबलं तर भिंतीतला पाण्याचा पाइप गळतोय. फक्त अंघोळीनंतर ठिबकत असेल तर संशय नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखाली बसवलेल्या भांड्याच्या, सांध्यावर. ओल सावकाश पसरत असेल तर बहुधा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. त्याची परीक्षा अशी : नहाणीचं तोंड घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि चोवीस तास तसंच ठेवा. पातळी खुणेच्या बरीच खाली गेली आणि खाली ओल वाढली, तर संशय खरा. ही परीक्षा खालच्या शेजाऱ्यांना सांगूनच करा, नाहीतर आधीच तापलेलं वातावरण आणखी तापेल.

पाइप जुना झाला, ट्रॅपचा सांधा सुटला, वॉटरप्रूफिंग संपलं, ही सगळी वयोमानाची झीज. तिचा खर्च मालकांचा. घरांतर्गत गळतीसाठी सोसायटी सभासदालाच, म्हणजे मालकांनाच जबाबदार धरते. त्यांनी ते तुमच्याकडे ढकलून चालत नाही. मात्र तुम्ही शेल्फसाठी ड्रिल मारताना पाइपला भोक पडलं असेल, किंवा फरशी ॲसिडने धुऊन टाइल्समधलं सिमेंट खाऊन टाकलं असेल, तर खर्च तुमचा. ॲसिडचा हा प्रकार फार घरांत होतो आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

काम करताना आधी टाइल्समधले सगळे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे फटी भरायचा पक्का मसाला, भरून घ्या. ट्रॅप आणि पाइप धड असतील तर बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तरच फरशी फोडायची. प्लंबरकडून कारण लिहून घ्या, फोटो काढा आणि मालकांना पाठवा.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका : लेखी होकाराशिवाय भाड्यातून पैसे कापू नका. कराराच्या ऑनलाइन नोंदणीच्या ठराविक मसुद्यात सहसा असं असतं की राहणाऱ्याने घर आहे त्या स्थितीत ठेवायचं, त्याच्यामुळे झालेलं नुकसान त्याने भरून द्यायचं, नेहमीच्या वापराची झीज मात्र त्यातून वगळायची. हा मसुदा झिजेच्या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. पण परस्पर कापाकापी केलीत तर भाडं थकवल्याचा ठपका तुमच्यावर येईल. अंदाजपत्रक पाठवा, "पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्यातून वळते करून घ्या" एवढं एक वाक्य मालकांकडून ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर घ्या, मगच कारागीर बोलवा.

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत पागडीची खोली आहे. छत गळतं, मालक लक्ष देत नाहीत. शिवाय स्वयंपाकाचा ओटा नव्याने बांधायचा आहे. मालक म्हणतात, वीट जरी लावली तरी खोली खाली करायला लावीन.

उत्तर : तुमची गोष्ट वेगळी आहे. डोंबिवलीचे वाचक लायसन्सवर राहतात, तुम्ही पागडीवाले म्हणजे कायद्याने भाडेकरू; त्यांना जो कायदा हाताशी नाही, तो तुमच्या हाताशी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 14 प्रमाणे, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही लेखी नोटीस द्यायची, किमान 15 दिवसांचा वाजवी अवधी द्यायचा आणि तरीही काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापायचा. नोटीस पोस्टाने पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा. बिलं जपून ठेवा. या कलमात भाडेकरूच्या हिशेबाला आणि पावत्यांना पुरावा म्हणून मोठं वजन दिलेलं आहे.

मेख पुढे आहे. एका वर्षात कापता येणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. महिना 300 रुपये भाडं असेल तर वर्षाचे 3600, म्हणजे कापता येणार 900. तेवढ्यात छताला ताडपत्रीसुद्धा नीट येत नाही. म्हणून मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून नोटीस द्या. एकत्र केलेल्या दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटून कापण्याची सोय त्याच कलमात आहे. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर छत, तुळया, जिना अशा मोठ्या कामांसाठी म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही अर्ज करा. वैतागून मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर कलम 29 त्याला आडवं येतं.

आता ओटा. परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर कलम 16 खाली घर जाऊ शकतं, इथवर मालकांचं म्हणणं खरं. पण कायमचं बांधकाम कशाला म्हणायचं नाही, हेही तिथेच सांगितलं आहे : लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, एक्झॉस्ट, धुराडं. पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घेऊन ही कामं करता येतात. तेव्हा ओटा बांधा, खर्च तुमचा. पोटमाळा, भिंत पाडणं, मोरी हलवणं यांचं नाव या यादीत नाही. त्यांना मालकाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.

प्रश्न : पुण्यात तीन वर्षांच्या करारावर राहतो. एसी आणि मॉड्युलर किचन करून घ्यावं म्हणतो. जाताना काय नेता येईल?

उत्तर : एसी तुमचा, तुम्ही न्याल. पण दीड टनाच्या एसीला बोर्डापासून स्वतंत्र लाइन, 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) लागतो. हे भिंतीतच राहणार, म्हणून त्याचा खर्च मालकांकडे मागा. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. बीम किंवा कॉलममधून ते कधीही नको. बाहेरच्या युनिटसाठी सोसायटीची परवानगी आधी घ्या. काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करायला मेकॅनिकला सांगा. त्यासाठी एसी चालू लागतो, त्यामुळे वीज तोडण्याआधी हे करा. मग भोक बुजवून तेवढा भाग रंगवून द्या.

मॉड्युलर किचन मात्र आम्ही करू नका म्हणू. ट्रॉल्या त्या ओट्याच्या मापाच्या असतात, दुसऱ्या घरात बसत नाहीत. करायचंच असेल तर करारात हप्त्यांसारखं लिहून घ्या : खर्च 60,000, मुदत 36 महिने. मालकांनी 24 महिन्यांनी घर मागितलं तर उरलेले 20,000 त्यांनी द्यायचे. मालक आनंदाने सही करतात की टाळतात, त्यावरून तुम्हाला पुढचं कळेल.

प्रश्न : मी नाशिकची घरमालकीण. भाडेकरू 33 महिने राहून गेले. रंगाचे पैसे अनामत रकमेतून कापू का?

उत्तर : रंग फिका पडला म्हणून नाही, ती झीज आहे. क्रेयॉनने भरलेली किंवा खिळ्यांनी चाळण झालेली एखादी भिंत असेल तर तेवढ्याच भिंतीचे कापा, तेही रंगाचं वय धरून. किल्ली देताना दोघांनी मिळून काढलेला व्हिडिओ आणि सही केलेली वस्तूंची यादी नसेल, तर वाद घालायला तुमच्याकडे काही नाही.

प्रश्न : मालकांच्या गीझरची कॉइल जळाली. कोणी बदलायची?

उत्तर : घरासोबत दिलेल्या वस्तूंच्या यादीत गीझर असेल तर मालकांनी. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार चढून ती जळते, त्यात तुमचा दोष नाही. नळाचा वॉशर, बल्ब, फ्लशची किरकोळ दुरुस्ती मात्र तुम्हीच करून टाका.