कॅन्ससमधलं अ‍ॅबिलीन अचानक एवढं मोठं कसं झालं?

रेल्वे आणि गुरं, दोन शब्दांत उत्तर. डिकिन्सन काउंटीचं मुख्यालय १८६१ पासून इथेच, पण १८६७ मध्ये रूळ आले तेव्हाही गाव म्हणजे ओंडक्यांची डझनभर खोपटी, बहुतेकांवर मातीचं छप्पर. त्याच वर्षी जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने रुळांलगत गुरांचे वाडे आणि हॉटेल बांधलं. टेक्सासहून शेकडो मैल हाकत आणलेली लांब शिंगांची गुरं इथून डब्यांत भरून शिकागोकडे जायची. मागोमाग दारूचे गुत्ते, जुगार, गोळीबार! १८७१ मध्ये गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, वाइल्ड बिल हिकॉक याच्या गोळीने चुकून त्याचाच सहकारी मेला. शेतकरी तर आधीच वैतागलेले. १८७२ मध्ये गुरेवाल्यांना 'इकडे येऊ नका' असं त्यांनीच कळवलं.