आयबीएस आणि आतड्यांतील जिवाणू : मलप्रत्यारोपणाची घाई का नको

प्रश्न : मी ४२ वर्षांची शिक्षिका आहे. सहा वर्षांपूर्वी एका लग्नातील जेवणानंतर आठवडाभर जुलाब झाले आणि तेव्हापासून पोट पूर्ववत झालेच नाही. मुरडा येऊन सकाळी तीन-चार वेळा जावे लागते. गेल्यावर थोडे बरे वाटते. रक्ताच्या तपासण्या आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी नॉर्मल आली असून डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोटदुखी व शौचाच्या तक्रारी राहणारा आजार) असल्याचे सांगितले आहे. नॉर्वेमध्ये निरोगी माणसाचा मल रुग्णाच्या आतड्यात सोडून हा आजार बरा करतात, असे माझ्या भाच्याच्या वाचनात आले. हा उपचार घ्यावा का? आतड्यांतील जिवाणूंची तपासणी करून घ्यावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आजाराची सुरुवात. जंतुसंसर्गानंतर सुरू होणारा आयबीएस डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कॅनडातील वॉकर्टन या गावात मे २००० मध्ये गुरांच्या शेणातील जंतू पिण्याच्या पाण्यात मिसळले, दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. पुढे दोन वर्षांनी गावकऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा त्या साथीत ज्यांना काहीच झाले नव्हते त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के, तर डॉक्टरांनी निदान केलेला जुलाबाचा आजार होऊन गेलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोकांमध्ये आयबीएसची लक्षणे आढळली. तेव्हा ‘हे सगळे तुमच्या मनाचे आहे’ असे आपल्याला कोणी ऐकवले असेल, तर ते मनाला लावून घेऊ नका.

अशा संसर्गाने आतड्यांतील जिवाणूंची घडी विस्कटते, आतड्याच्या अस्तराला सूक्ष्म सूज राहते आणि तेथील मज्जातंतू अधिक संवेदनशील होतात. मग जिवाणूच बदलले तर, हा विचार साहजिक आहे आणि एका आजारात तो खराही ठरला आहे. प्रतिजैविकांच्या वापरानंतर होणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या, पुन्हापुन्हा उलटणाऱ्या संसर्गावर नेदरलँड्समध्ये मलप्रत्यारोपणाची, म्हणजे निरोगी दात्याचा मल रुग्णाच्या आतड्यात सोडण्याची, चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले.

आयबीएसचे चित्र मात्र इतके सरळ नाही. आपल्या भाच्याने वाचलेला प्रयोग बहुधा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला असावा. त्यात १६५ रुग्ण होते. गोठवून ठेवलेला मल वितळवून, सलाइनमध्ये कालवून व गाळून तो दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सोडण्यात आला. तुलनेसाठी काही रुग्णांना त्यांचा स्वतःचाच मल देण्यात आला. तीन महिन्यांनी, स्वतःचा मल मिळालेल्यांपैकी सुमारे २४ टक्के, दात्याचा ३० ग्रॅम मल मिळालेल्यांपैकी ७७ टक्के आणि ६० ग्रॅम मिळालेल्यांपैकी ८९ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. आकडे उत्साह वाढवणारे आहेत, यात शंका नाही. परंतु हा सर्व मल एकाच माणसाचा होता. दाता ३६ वर्षांचा, नियमित व्यायाम करणारा, धूम्रपान न करणारा, लहानपणी आईच्या दुधावर वाढलेला आणि आयुष्यात फारच कमी प्रतिजैविके घेतलेला असा काळजीपूर्वक निवडलेला होता.

याउलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत ५२ रुग्णांना मलाच्या किंवा निष्क्रिय द्रव्याच्या कॅप्सूल देण्यात आल्या. मलाच्या कॅप्सूल घेतलेल्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली, तरीही निष्क्रिय कॅप्सूल घेतलेल्यांनाच अधिक बरे वाटले. माझ्या मते या संशोधनातील खरी मेख येथेच आहे : जिवाणू बदलता येतात, पण नेमके कोणते बदलले म्हणजे पोट शांत होईल, हे अद्याप ठरलेले नाही. त्यातच धोकाही खरा आहे. दात्याच्या मलातून औषधांना दाद न देणारे ई. कोलाय जंतू गेल्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेले दोन रुग्ण गंभीर आजारी पडले आणि त्यांपैकी एक दगावला, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१९ मध्ये दिला. म्हणून नीट आखलेल्या वैद्यकीय चाचणीत सहभागी होण्याची संधी मिळाली तर जरूर विचार करा. पैसे मोजून हा उपचार घेऊ नका आणि घरी तर मुळीच करू नका.

जिवाणूंच्या तपासणीवरही खर्च करू नये. ‘चांगल्या’ आतड्याचा सर्वांना लागू पडेल असा नमुनाच उपलब्ध नाही. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांना भारतीयांच्या आतड्यांत प्रेव्होटेला या गटातील जिवाणूंचे प्रमाण अधिक आढळले. पाश्चात्त्य लोकांचा नमुना आपल्यावर लादला, तर निरोगी माणूसही आजारी ठरेल.

जुलाबप्रधान आयबीएसमध्ये रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक १४ दिवस देण्याचा पर्याय आहे. मोठ्या चाचण्यांत त्याने सुमारे ४१ टक्के, तर निष्क्रिय गोळीने ३२ टक्के रुग्णांना आराम पडला. फरक खरा असला तरी माफक आहे आणि त्रास अनेकदा परततो. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. वजन घटणे, ताप, मलातून रक्त जाणे, रक्तक्षय किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले, तर पुन्हा तपासणी करावी. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही ध्यानात ठेवावा लागतो.

प्रश्न : जितके अधिक अब्ज जिवाणू, तितकी प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल चांगली, हे खरे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. बायफिडोबॅक्टेरियम या उपयुक्त जिवाणूच्या एका वाणाच्या ३६२ स्त्रियांवरील चाचणीत १० कोटी जिवाणूंची कॅप्सूल उपयोगी ठरली; १०० पट अधिक जिवाणू असलेली कॅप्सूल मात्र निरुपयोगी ठरली, कारण आतील पूड चिकट होऊन गोळा बनत होती आणि जिवाणू मोकळेच होत नव्हते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिकचा वापर वैद्यकीय चाचण्यांपुरताच मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. घरचे ताजे ताक सोसत असेल तर आनंदाने प्या, परंतु ते औषध म्हणून नव्हे.

प्रश्न : आयबीएससाठी कांदा-लसूण आयुष्यभर सोडावे लागतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेल्या ‘लो फॉडमॅप’ आहारात काही पदार्थ फक्त दोन ते सहा आठवडे वर्ज्य असतात. कांदा, लसूण, गहू आणि अनेक कडधान्ये यांतील ‘फॉडमॅप’ नावाने ओळखली जाणारी काही कर्बोदके लहान आतड्यात शोषली जात नाहीत. ती पुढे सरकतात, पाणी ओढतात आणि जिवाणू त्यांपासून वायू तयार करतात. आराम पडल्यावर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणून आपल्याला नेमके काय बाधते ते पाहायचे असते. दीर्घकाळ कडक पथ्य केल्यास उपयुक्त बायफिडोबॅक्टेरिया घटतात, म्हणून ही परतीची पायरी टाळू नये आणि शक्यतो आहारतज्ज्ञांची मदत घ्यावी. त्या काळात भात आणि ज्वारीची भाकरी चालते. लसणातील त्रासदायक कर्बोदके पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यामुळे फोडणीच्या तेलात अख्ख्या पाकळ्या परतून, आमटीचे पाणी घालण्यापूर्वीच त्या काढून टाकल्या तर स्वाद मिळतो आणि बहुतेकांना त्रास होत नाही. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरावा.