अंदमानच्या सहलीत बेटे किती घ्यावीत?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण सहा रात्रींसाठी अंदमानला जाण्याच्या विचारात आहोत. आम्ही दोघे, तेरा आणि नऊ वर्षांची मुले आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि आपल्याला बोट लागेल अशी त्यांना धास्ती आहे. सहल कंपनीने आखून दिलेला कार्यक्रम असा : पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे, तिसऱ्या दिवशी हॅवलॉक, चौथ्या दिवशी तेथून नील, पाचव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर, सहाव्या दिवशी बाराटांग आणि सातव्या दिवशी सकाळचे विमान. यजमानांचे म्हणणे असे, की एवढा खर्च करून इतक्या लांब जायचे तर सगळी बेटे पाहूनच यावे. मला मात्र मुलांना समुद्रात मनसोक्त डुंबू द्यावे आणि आपणही किनाऱ्यावर निवांत बसावे असे वाटते. सासूबाईंना सेल्युलर जेल पाहायचा आहे. बाकी कशाचा त्यांचा आग्रह नाही. आम्ही किती बेटांवर जावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही पोर्ट ब्लेअरखेरीज एकाच बेटावर मुक्काम करावा, ते हॅवलॉक असावे आणि तेथे सलग तीन रात्री राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नील आणि बाराटांग या वेळी सोडून द्यावेत.

आधी नावांविषयी थोडे, कारण तिकिटे काढताना जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे समोर येतात आणि गोंधळ होतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. स्थानिक लोक आणि टॅक्सीवाले अजूनही जुनीच नावे घेतात, म्हणून मीही येथे तीच वापरते.

कंपनीच्या कागदावर ‘हॅवलॉक ते नील, एक तास’ एवढेच लिहिलेले असते. तो तास फक्त बोटीचा असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर ओले कपडे पिशव्यांत कोंबायचे, बॅगा भरायच्या, खोली सोडायची, गाडीने जेट्टीवर जायचे, बोट सुटण्याच्या बरेच आधी तेथे पोहोचून सामानाची तपासणी करून घ्यायची आणि रांगेत उभे राहायचे. पलीकडे उतरल्यावर पुन्हा सामान, पुन्हा गाडी, आणि नव्या हॉटेलात खोली मिळेपर्यंत बाकावर बसणे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे अंतर खासगी वेगवान बोटी दीड ते दोन तासांत कापतात, सरकारी बोटींना त्याहून अधिक वेळ लागतो. पण एक खोली सोडल्यापासून दुसऱ्या खोलीत पोहोचेपर्यंत धरावयाचा हिशेब पाच तासांचा आहे. ज्येष्ठ माणूस आणि मुले बरोबर असताना तो पाचातच आटोपला तरी बरे.

याला आणखी एक गोष्ट जोडून पाहावी लागते, जी महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. अंदमान मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपल्याच वेळेचे आहे. त्यामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा साधारण तास-सव्वा तास आधी उगवतो आणि तसाच आधी मावळतो. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्यास्त होतो. दुपारी दोन वाजता हॅवलॉकच्या खोलीत बॅगा टेकवणाऱ्या कुटुंबाच्या हाती त्या दिवशीचा समुद्र जेमतेम दोन तासांचा येतो. तुमच्या कार्यक्रमात हॅवलॉकसाठी एकच रात्र आहे, आणि दुसऱ्या दिवशी निघायचे आहे. ज्या राधानगर किनाऱ्याचे फोटो पाहून ही सहल ठरली असेल, त्या किनाऱ्यावर मुलांना एक घाईची दुपार मिळेल. मला हे फार खटकते.

नीलची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाऊन परत यायचे तर बोटीचे दोन प्रवास होतात. मध्ये नील घेतले तर तीन होतात. म्हणजे नीलमुळे प्रवास एकानेच वाढतो. बेट लहान आहे, शांत आहे, सायकलवरून फिरता येते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची शेती आणि भाजीचे मळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. भरतपूरचा किनारा जेट्टीला अगदी लागून आहे. ज्यांच्या हाताशी आठ-नऊ रात्री आहेत त्यांना मी नील आवर्जून सुचवते. परंतु हे बेट भरती-ओहोटीच्या तालावर चालते. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल पाहायला ओहोटीतच, उघड्या पडलेल्या निसरड्या खडकांवरून चालत जावे लागते. भरतपूरला उलट ओहोटीत पाणी मागे सरते, प्रवाळाचे खडक वर येतात आणि पोहणे थांबते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही नीलसाठी एकच दुपार राखली होती. आम्ही लक्ष्मणपूरला पोहोचलो तेव्हा भरती होती, खडकांवरची वाट पाण्याखाली गेली होती, आणि ओहोटीपर्यंत थांबावे तर परतीची बोट चुकली असती. तो पूल मला पुढे तीन वर्षांनी पाहता आला. शिवाय तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना ती वाट झेपणारी नाही, म्हणजे त्या वेळी त्यांच्याजवळ कोणाला तरी बसून राहावे लागणार.

राधानगरचे तसे नाही. तो किनारा हॅवलॉकच्या पश्चिम बाजूला आहे, वाळू मऊ आणि रुंद आहे, खडक फारसा नाही, त्यामुळे भरती असो वा ओहोटी, डुंबायला अडचण येत नाही. मागे उंच झाडांची दाट सावली असल्याने ज्येष्ठांना बसायलाही जागा उत्तम आहे. मात्र समुद्र खवळलेला असेल तेव्हा जीवरक्षकांचे निशाण पाहूनच पाण्यात उतरावे. याच बेटाच्या पूर्वेला, विजयनगरच्या बाजूला, ओहोटीत पाणी इतके मागे जाते की पोहायला उरतच नाही; पण सकाळी तेथून सूर्योदय दिसतो आणि मुलांना उघड्या पडलेल्या डबक्यांतले खेकडे, मासे, समुद्रकाकड्या पाहता येतात. एकाच बेटाच्या दोन बाजूंना असे दोन निराळे समुद्र असताना तिसरे बेट कशाला शोधावे?

आता दिवाळीविषयी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तेथे पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे तयार होण्याचाही हाच हंगाम असतो. समुद्र खवळला की बंदर प्रशासन बोटी थांबवते, आणि ते योग्यच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवामानात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले होते. नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढले. दर वर्षी असे घडत नाही, पण एखाददुसऱ्या दिवसाच्या फेऱ्या रद्द होणे ही मोठी बातमीही नसते. जितकी बेटे जास्त, तितक्या बोटी वेळेवर सुटण्यावर तुमची सहल टेकलेली असते, आणि एक बोट हुकली तर पुढच्या हॉटेलांचे व बोटींचे पैसे एकामागून एक अडकतात. म्हणून शेवटची रात्र कोणत्याही परिस्थितीत पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या उत्तरार्धात जाणे तुम्हाला जमणार असेल, तर मी दिवाळीपेक्षा तो काळ निवडेन. उकाडा असतो, पण समुद्र बहुधा शांत असतो. मोसमी पाऊस तेथे साधारणतः मे महिन्याच्या उत्तरार्धात पोहोचतो.

बाराटांग मी दोन कारणांसाठी सोडायला सांगते. पहिले कारण शरीराचे आहे : पहाटेच्या अंधारात निघायचे, ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यात सामील व्हायचे, पुढे बोट, आणि मग चुनखडीच्या गुहांपर्यंत पायी जाऊन तसेच परत यायचे. सासूबाईंना ते होणार नाही, आणि परतीच्या आदल्या दिवशी मुलांनाही नको. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. तेथे थांबण्यास आणि फोटो काढण्यास मनाई आहे, तरीही ‘जारवा दिसतील’ या आशेने गाडीच्या काचेला नाक लावून बसणारे पर्यटक मी पाहिले आहेत. माणसांना पाहण्यासाठी माणसांनी असे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.

रॉस बेट मात्र अवश्य पाहावे. ते पोर्ट ब्लेअरहून बोटीने थोड्या मिनिटांच्या अंतरावर आहे, खोली सोडावी लागत नाही, बॅग भरावी लागत नाही, दुपारपर्यंत माणूस परत येतो. अशा बेटाला मोजणीत धरण्याचे कारणच नाही. ब्रिटिशांच्या कारभाराच्या इमारती वडा-पिंपळांच्या मुळांनी कशा गिळल्या आहेत, ते मुलांना दाखवण्यासारखे आहे.

तर सहा रात्रींची मांडणी अशी करावी. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर. पोहोचलेल्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याच्या आत, सेल्युलर जेल पाहावा. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आता तीनच उरल्या आहेत. १९११ मध्ये तेथे आणलेल्या सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढावे लागतात, म्हणून सासूबाईंचे पाय ताजे असताना, कोणतीही बोट गाठायची नसताना हे दर्शन व्हावे. त्यांनी या सहलीत एवढे एकच मागितले आहे. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तेथे तीन रात्री, म्हणजे दोन दिवस पूर्ण मोकळे. सहाव्या दिवशी शेवटच्या बोटीची वाट न पाहता आधीच्या बोटीने परत यावे. थोरल्या मुलाला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणे) करायचे असेल तर ते हॅवलॉकला चौथ्या किंवा पाचव्या दिवशी उरकावे, कारण पाण्याखाली गेल्यानंतर किमान अठरा तास विमानात बसू नये असा संकेत आहे. धाकट्याचे वय स्कूबासाठी कमी आहे. त्याला नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली पाहणे, म्हणजे स्नॉर्केलिंग, पुरेसा आनंद देईल.

बोट लागण्याबाबत : सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घेऊन ठेवावी आणि बोट सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी, रक्तदाबाची औषधे चालू असतील तर न विचारता देऊ नये. न्याहारी हलकी असावी, पण पोट रिकामे नसावे. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध मागावी आणि नजर मोबाईलवर न ठेवता दूर क्षितिजावर ठेवावी.

यजमानांचे म्हणणे मला समजते; आपल्याकडे अशी सहल आयुष्यात एकदाच घडेल असे धरून माणूस निघतो. त्यांना एवढेच दाखवावे, की त्यांच्या कार्यक्रमात पोहण्यासाठी पूर्ण मोकळा असा एकही दिवस नाही.

प्रश्न : आम्ही दोघे मार्चमध्ये आठ रात्रींसाठी जात आहोत. दोघांनाही पोहता येते, सामान थोडे आहे. हॅवलॉक आणि नील तर करूच. त्यांना उत्तरेकडचे दिगलीपूर जोडावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जोडू नये. दिगलीपूर पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर आहे आणि जाण्यायेण्यात दोन दिवस सरतात. वाळूच्या पट्ट्याने जोडलेली रॉस आणि स्मिथ ही तेथली जुळी बेटे देखणी आहेत (हे रॉस वेगळे, पोर्ट ब्लेअरजवळचे नव्हे), पण त्यांच्यासाठी स्वतंत्र सहल काढावी. तुम्ही पोर्ट ब्लेअरला एक, हॅवलॉकला चार, नीलला दोन आणि शेवटी पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक अशा रात्री वाटाव्यात. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि दिवसातून दोन ओहोट्या असतात, त्यामुळे नीलला दोन रात्री राहिलात तर दगडी पुलासाठी उजेडातली ओहोटी आणि भरतपूरला पोहण्यासाठी पुरेसे पाणी, दोन्ही मिळण्याची शक्यता पुष्कळ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी अधिक खोल असते. तारखा अजून पक्क्या नसतील तर पंचांग पाहून नीलचे दिवस तसे बसवावेत.