आधी खांबावर टकटक करून बघा

पोस्टमॉडर्न वास्तुकला, म्हणजे नव्या इमारतीवर जुन्या शैलींचे तुकडे जाणूनबुजून, गमतीने लावणं, ओळखायला शिकायचंय? मुंबई गाठायची गरज नाही, रत्नागिरीतच सुरुवात करा. नव्या बंगल्यापुढचा रोमन खांब बोटाने वाजवा. पोकळ वाजला, तर स्लॅबचा भार दुसरंच कुणीतरी पेलतंय, खांब नुसता मिरवायला. स्लॅबवर चिकटवलेली कौलं आणि सिमेंटवर रंगवलेला जांभाही त्याच जातीचे. न्यूयॉर्कच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या १९८४च्या इमारतीने तर डोक्यावर जुन्या कपाटाचा माथाच चढवला!

नवशिक्यांच्या चुका दोनच:

- जुनं दिसलं की पोस्टमॉडर्न म्हणायचं. रत्नागिरीतला थिबा पॅलेस १९१०चा, म्हणजे खरोखरच जुना; तो यात येत नाही.
- मालकाची हौस आणि आर्किटेक्टची जाणूनबुजून केलेली गंमत एकच समजायची. (मीही वर्षभर हेच केलं.)

पुस्तकं नंतर. या रविवारी एकच गल्ली फिरा, फोटो काढा.